नाव लिहिण्याआधी

१४ ऑक्टोबर १८०७ च्या पहाटे 'ओब्रा डिन' नावाचे एक व्यापारी जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरील फाल्मथ बंदरात वाहत येते. त्याची शिडे फाटलेली असतात आणि डेकवर एकही जिवंत माणूस दिसत नाही. पाच वर्षांपूर्वी दोनशे टनांहून अधिक माल घेऊन ते लंडनहून पूर्वेकडे निघाले होते. ठरल्या वेळी केप ऑफ गुड होपला पोचले नाही, तेव्हा ते समुद्रात गडप झाले असे जाहीर करण्यात आले होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीचा विमा-तपासनीस म्हणून आपल्याला त्या जहाजावर जावे लागते. त्यावर असलेल्या साठ माणसांपैकी प्रत्येकाचे नाव काय, त्याचे शेवटी काय झाले आणि ते कोणाच्या हातून झाले, हे एका वहीत लिहायचे असते. 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' हा गेम इथे सुरू होतो. मूळचा अमेरिकन आणि जपानमध्ये राहणारा लुकास पोप हा त्याचा कर्ता. कथा, चित्र, संगीत आणि आज्ञावली हे जवळजवळ सारे त्याने एकट्याने केले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये तो गेम प्रसिद्ध केला.

भाच्याच्या आग्रहावरून मी तो तीन संध्याकाळी खेळलो. साठांपैकी एकवीस जणांची नोंद पक्की झाली आहे, एकोणचाळीस जण बाकी आहेत. काम अर्धेही झालेले नसताना मत मांडणे सहसा बरे नाही, हे मला मान्य आहे. कादंबरीचा पहिला तृतीयांश भाग वाचून मी कधी परीक्षण लिहिणार नाही. पण मला इथे या गेमचे परीक्षण लिहायचे नाही. आपल्याकडे 'गेम' हा शब्द उच्चारला की संवाद थांबतो आणि काळजी सुरू होते. त्या सरसकट काळजीविषयी मला लिहायचे आहे. या तीन संध्याकाळी मी जे केले ते वाचन होते, एरवी करतो त्याहून अधिक सावध वाचन होते, अशी माझी खात्री झाली आहे. आणि ते वाचन असेल, तर वाचनाला आपण ग्रंथालयात, वर्तमानपत्राच्या परीक्षणाच्या पानावर आणि घरातल्या बोलण्यात जी जागा देतो, ती त्यालाही द्यायला हवी.

पहिला तास मला आवडला नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. गेममधले सारे चित्र दोनच रंगांचे आहे. काळा आणि पांढरा यांच्या मधली प्रत्येक छटा ठिपक्यांच्या दाटीविरळीतून उभी राहते. १९८४ साली बाजारात आलेल्या मॅकिंतॉश संगणकाचा पडदा असाच दोन रंगांचा असे, आणि लहानपणी त्या संगणकावर पाहिलेल्या गेमची आठवण कर्त्याने इथे जागवली आहे. डोळ्यांना त्याचा त्रास झाला. दोर कुठला, हाड कुठले, सावली कुठली, ते कळेना. जुन्या वर्तमानपत्रातले ठशावरून छापलेले चित्र फार जवळून पाहिल्यावर त्याचे नुसते ठिपके उरतात, तसे काहीसे झाले. मी लॅपटॉप मिटून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो तेव्हा जाणवले, की त्रास होण्याचे कारण मी पाहण्याची घाई करत होतो हे आहे. रंगीत चित्र आपल्या वाटणीचे काम करून ठेवते, डोळा ओझरता फिरला तरी चालते. इथे थांबून पाहिल्याशिवाय माणसाचा हात आणि हातातले हत्यार वेगळे होत नाही, आणि या गोष्टीत ते वेगळे होणे हाच सगळा मुद्दा आहे.

खेळण्याची रीत साधी आहे. एका पेटीतून आपल्याला ती वही आणि एक खिशातले घड्याळ मिळते. जहाजावर कुठे सांगाडा किंवा प्रेत सापडले की त्याच्यापुढे घड्याळ उघडायचे. पडदा काळा होतो आणि त्या माणसाच्या अखेरच्या काही क्षणांतले आवाज ऐकू येतात: एखादे वाक्य, पावले, दारावरची थाप, बंदुकीचा बार. मग तो मृत्यूचा क्षण गोठलेल्या अवस्थेत समोर उभा राहतो आणि त्यात आपण चालू शकतो. कोण कुठे उभा आहे, कोणाचे डोळे कुठे आहेत, लांबच्या शिडीवर कोण चढतो आहे, हे सारे फिरून पाहता येते. काही बदलता मात्र येत नाही. सुरुवात कथेच्या शेवटाकडून होते आणि एका प्रेतातून दुसऱ्या, आधीच्या, प्रेताकडे आपण मागे मागे जात राहतो. वहीत प्रवाशांची आणि खलाशांची यादी असते, त्यात नाव, हुद्दा आणि देश लिहिलेला असतो. जहाजावरच्या चित्रकाराने काढलेली सगळ्यांची रेखाटने असतात. मजल्यांचे नकाशे आणि प्रवासाचा मार्ग असतो. एका बाजूला साठ नावे आणि दुसऱ्या बाजूला साठ चेहरे. त्यांची जुळणी आपल्याला करायची असते, आणि ती कोणीही करून देत नाही.

रहस्यकथेचे मराठी वाचक आपण पिढ्यान्पिढ्या आहोत. वाचनालयातून आणलेल्या रहस्यकथा अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचणाऱ्यांपैकी मी एक आहे, आणि त्या काळी त्या पुस्तकांविषयी घरात जे बोलले जाई तेच आज गेमविषयी बोलले जाते, हेही मला आठवते. पण त्या वाचनातली एक गोष्ट आता मान्य करावीशी वाटते. खुनी कोण याचा मी अंदाज करी, शेवटच्या प्रकरणात गुप्तहेर सर्वांना दिवाणखान्यात जमवून उलगडा करी, आणि माझा अंदाज चुकलेला असला तरी मला त्याची काही किंमत मोजावी लागत नसे. दोन पाने वाचून झाली की 'मला वाटलेच होते' असे मी स्वतःलाच सांगत असे. पुस्तक मला कधी विचारत नसे, की बाबा, तुला कशावरून वाटले होते?

हा गेम ते विचारतो, आणि फार निगुतीने विचारतो. वहीतला चेहरा सुरुवातीला धूसर असतो. त्या माणसाची ओळख पटवण्याइतकी माहिती आपल्या नजरेखालून गेली की तो स्पष्ट होतो. म्हणजे माहिती आता तुझ्याकडे आहे, तुला दिसली की नाही ते तू पाहा, एवढेच तो सुचवतो. दुसरे असे की एक नोंद बरोबर झाली म्हणून गेम तसे सांगत नाही. तीन माणसांची नावे आणि त्यांचे शेवट पूर्ण बरोबर लिहिले गेले, की मगच ती तिन्ही एकदम पक्की होतात आणि वहीत छापील अक्षरांत उमटतात. पहिल्या दिवशी मी एकेका चेहऱ्यापुढे नावे बदलून पाहत होतो, एखादे तरी लागेल म्हणून. भाचा शेजारी बसला होता. तो म्हणाला, "मामा, असं नाही चालणार. तीन बरोबर आल्याशिवाय तो काही बोलत नाही." नेम न धरता मारलेला दगड इथे लागत नाही, कारण असे तीन दगड एकाच वेळी लागावे लागतात.

या एका नियमात मला फार मोठी गोष्ट दिसते. ज्याचा निकाल लगेच कळत नाही असे विधान करणे आणि ते पुराव्यावर तोलत राहणे, याचा सराव आपल्याला दैनंदिन जीवनात जवळजवळ कुठेच मिळत नाही. शाळेत उत्तर लिहिले की बरोबर-चूकची खूण लागते. समाजमाध्यमांवर एखाद्या गुन्ह्याची बातमी आली की तासाभरात आरोपीही ठरतो आणि हेतूही ठरतो, आणि पुढे तपासात काही वेगळे निघाले तर आधी बोललेले परत घ्यायला कोणी येत नाही. वहीत मी लिहिलेली चुकीची नोंद मात्र तिथेच राहते. ती मला अडवते, कारण तिच्यामुळे दोन बरोबर नोंदीही पक्क्या होत नाहीत.

माझ्या बाबतीत असे घडले, की डोक्यावर गुंडाळलेल्या कापडावरून एका माणसाला मी भारतीय ठरवले होते. यादीत भारतातली मोजकी नावे होती, त्यातले एक मी त्याच्यासमोर लिहून टाकले. आपला माणूस सापडला याचा मला आनंदही झाला. दोन संध्याकाळी माझे त्रिकूट जमेना. मी इतर सगळ्या नोंदी तपासल्या, पण ती एक तपासली नाही, कारण तिच्याबद्दल मला शंकाच नव्हती. तिसऱ्या दिवशी मी स्वतःला विचारले, की हे नाव मी कशावरून लिहिले? आणि उत्तर एवढेच होते, की कापडावरून. त्या जहाजावर अनेक देशांची माणसे आहेत, त्यांच्यातल्या आणखी कोणाच्या डोक्याला कापड असू शकते, हा विचार मला शिवलाही नव्हता. पोशाखावरून माणसाची जात आणि धर्म ठरवण्याची आपल्याकडची सवय मी इतरांमध्ये नेहमी पाहिली आहे आणि तिच्यावर टीकाही केली आहे. ती माझ्या बोटांतही आहे, हे मला कोणत्याही लेखाने इतक्या थेट दाखवले नव्हते.

आता हिंसेचा आक्षेप. या गेममध्ये प्रेतांशिवाय दुसरे काही नाही असे म्हटले तरी चालेल, आणि लहान मुलांच्या हाती तो देऊ नये हे मी आधीच सांगतो. पण खेळणाऱ्याच्या हाती इथे एकही हत्यार येत नाही. मारणे, जिंकणे यातले काही त्याला करता येत नाही. पाहणे, ऐकणे आणि लिहिणे एवढ्या तीनच क्रिया त्याच्या वाट्याला येतात. गुण नाहीत, रोज हजेरी लावण्याचे आमिष नाही, पैसे भरून पुढची पातळी उघडण्याची सोय नाही. काही संध्याकाळींत तो संपतो आणि संपल्यावर पुन्हा तसाच खेळता येत नाही, कारण उत्तरे कळलेली असतात. व्यसन लावण्याची जी यंत्रणा मोबाइलवरच्या अनेक गेममध्ये विचारपूर्वक बसवलेली असते, तिच्यातले एकही चाक इथे नाही.

हा भेद आपल्या कायद्याने केला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्यात पैसे लावून खेळायचे गेम वेगळे काढून त्यांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व इतर सामाजिक गेम यांना वेगळे ठेवले. त्या बंदीबद्दल मतभेद असू शकतात. मला एवढेच म्हणायचे आहे, की जे वर्गीकरण कायद्याला सुचले ते आपल्या घरांना अजून सुचलेले नाही. रमीच्या ॲपवर पगार घालवणारा, रात्रभर मोबाइलवर गोळीबार खेळणारा आणि साठ मृत माणसांची नावे शोधत वहीत टिपणे काढणारा, हे तिघे आपल्या बोलण्यात एकाच क्रियापदात बसतात: 'गेम खेळत बसतो'. यातल्या 'बसतो'मध्ये वेळ फुकट गेल्याचा निवाडा आधीच आलेला असतो. 'वाचत बसतो' असे आपण पूर्वी म्हणत होतो, तेव्हाही तोच निवाडा होता. आज तेच वाक्य पालक कौतुकाने म्हणतात.

जे लोक गेमच्या बाजूने बोलतात त्यांच्यातल्या अनेकांशीही माझा एक मतभेद आहे. आपल्याकडे असे गेम खेळण्यापेक्षा पाहिले जास्त जातात. कोणीतरी खेळतो, त्याचे चित्रीकरण यूट्यूबवर येते, आणि ते पाहणाऱ्याला गेम कळला असे वाटते. लढाईच्या किंवा शर्यतीच्या गेमबाबत ते काही अंशी खरेही असेल. रहस्याच्या गेमबाबत ते साफ चूक आहे. २०१५ साली सॅम बार्लो या ब्रिटिश कर्त्याने 'हर स्टोरी' नावाचा गेम केला. त्यात १९९४ सालच्या पोलीस चौकशीच्या चित्रफितींचे तुकडे एका जुन्या संगणकात साठवलेले असतात. आपण एक शब्द टाकायचा. त्या स्त्रीने तो शब्द जिथे उच्चारला असेल ते तुकडे समोर येतात, पण एका वेळी पहिले पाचच. पुढचा शब्द कोणता टाकायचा हे आपण आत्ता काय ऐकले त्यावरून ठरते. सगळी कृती कुठे आहे, तर ऐकणे आणि टाइप करणे यांच्या मधल्या त्या अर्ध्या मिनिटाच्या शांततेत. ती शांतता दुसऱ्याची पाहता येत नाही. चित्रफितीत ती कापून टाकलेली असते, कारण पाहणाऱ्याला ती कंटाळवाणी वाटते. ओब्रा डिनमध्येही खलाशांची ओळख पटवण्याची एक कडी मला दुसऱ्या संध्याकाळी अचानक दिसली आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो; ती कडी मी इथे लिहिणार नाही. ज्याला ती आधी कळेल त्याला ती माहिती मिळेल, पण माझा तो क्षण त्याला मिळणार नाही. आणि असा क्षण एका माणसाला एका गेममध्ये एकदाच मिळतो. म्हणून प्रथमदर्शनी अनुभवाला या प्रकारात जे महत्त्व आहे ते अन्य कलांमध्ये नाही. चांगली कादंबरी दुसऱ्यांदा वाचताना अधिक उघडते. इथे पहिली भेट हीच मुख्य भेट असते.

त्या यादीकडे मला पुन्हा यायचे आहे, कारण या गेमचे खरे सामर्थ्य मला तिथे दिसले. आपण कंपनीचे तपासनीस असतो, म्हणजे आपली नजर हिशेबाची असावी अशी अपेक्षा आहे: नुकसान किती, जबाबदार कोण. कप्तान, त्याचे अधिकारी, प्रवासी, यांची नावे लवकर लागतात, कारण इतर लोक त्यांना नावाने किंवा हुद्द्याने हाक मारतात. शिडावर चढणारे, दोर ओढणारे, तळमजल्यात निजणारे खलाशी मात्र कोणाच्या तोंडी नावाने येत नाहीत. यादीत ते एका खाली एक लिहिलेले आहेत: चीनचे, भारताचे, रशियाचे. त्यांना ओळखायचे तर त्यांच्या चेहऱ्याकडे पाहावे लागते, ते कोणाबरोबर बसतात, पायात काय घालतात, कोणाच्या मरणाला धावत येतात, हे पाहावे लागते. कंपनीच्या दप्तरात ज्याची एक ओळ होती त्या माणसाला मी तासभर न्याहाळत होतो. अधिकाऱ्यांना मी एवढा वेळ दिला नव्हता. गेमने मला काहीही उपदेश केलेला नाही. पण शेवटच्या पायरीवरच्या माणसाला सर्वांत जास्त लक्ष दिल्याशिवाय वही पुरी होणार नाही, अशी त्याची रचना आहे.

कोकणाशी ज्याचा संबंध आहे त्याला ही यादी परकी वाटणार नाही. इंग्रजी जहाजांवर भारतीय खलाशी राबत होते. इंग्रज त्यांना 'लॅस्कर' म्हणत, त्यांच्या मुकादमाला सारंग आणि त्याच्या हाताखालच्याला तांडेल म्हणत. सारंग आणि तांडेल ही आज आपल्या किनाऱ्यावर आडनावे आहेत. पुढे आगबोटींच्या काळात रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान डेकवर आणि गोव्याचे ख्रिस्ती तरुण स्वयंपाकघरात व वाढपावर, अशी भरती मुंबई बंदरातून होत राहिली. या गेममधल्या एका भारतीय खलाशाचे नाव यादीत 'विल्यम वासिम' असे आहे. हे वाचून मी थबकलो. अठराव्या शतकाच्या अखेरीस जन्मलेल्या भारतीय मुसलमान खलाशाचे नाव विल्यम कसे असेल? कर्त्याचे भारताविषयीचे ज्ञान अपुरे पडले असेल, हे एक उत्तर. नाव विचारून, नीट न ऐकता, आपल्याला लिहिता येईल ते कारकुनाने लिहिले असेल, हे दुसरे. दोन्ही उत्तरे शक्य आहेत आणि दोन्हींचा अर्थ एकच निघतो: त्या माणसाला काय म्हणून हाक मारत होते, ते यादीवरून आपल्याला कधीच कळणार नाही. कथेत उणीव असेल तर ती दाखवायला हवी, आणि ही उणीव दाखवण्याचे काम मराठी, बंगाली, गुजराती वाचकच करू शकतात. पण त्यासाठी त्यांनी हा गेम खेळलेला असावा लागतो आणि त्याविषयी लिहिलेले असावे लागते.

भाषेचा प्रश्न इथेच येतो. ओब्रा डिनमध्ये बोलण्याची धाटणी हा एक पुरावा आहे. आयर्लंडचा माणूस कोण, वेल्सचा कोण, स्कॉटलंडचा कोण, हे ऐकून कळावे अशी अपेक्षा आहे. माझ्या कानाला ते कळले नाही. इंग्रजी मला वाचता येते, पण तिच्या पोटातल्या या बोली माझ्या नाहीत. संवाद लिहूनही दाखवले जातात, पण धाटणी अक्षरांत पुरती उतरत नाही. तिथे मी अडलो आणि वाटेत एक गोष्ट मनात आली. 'खंय' म्हणणारा कुठला आणि 'काहून' म्हणणारा कुठला, हे मराठी माणसाला एका शब्दात कळते. 'कवा' आणि 'केव्हा' यांत त्याला नुसता प्रदेश दिसत नाही, शाळेत गेलेला आणि न गेलेला माणूसही दिसतो. शब्दाच्या शेवटच्या हेलावरून घाटावरचा आणि खालचा, गावकुसाच्या आतला आणि बाहेरचा, असे भेद आपण न बोलता करत आलो आहोत, आणि त्या भेदांनी अन्यायही केला आहे. बोली हाच पुरावा असलेले आणि तो पुरावा कधी फसवाही ठरणारे रहस्य मराठीत किती दाट होईल! आपल्या ओळखण्याच्या सवयींवर ते कसे उलटेल!

असे काही मराठीत नाही, याचे कारण म्हणून बाजार लहान असल्याचे सांगतात. एस्टोनियाची लोकसंख्या सुमारे तेरा लाख आहे. तिथल्या लेखक-कलावंतांच्या एका गटातून 'डिस्को एलिसियम' हा गेम २०१९ साली आला. स्मृती हरवलेला एक पोलीस अधिकारी झाडाला टांगलेल्या प्रेताचा तपास करतो, एवढीच त्याची वरवरची कथा. पण त्यात सुमारे दहा लाख शब्दांचा मजकूर आहे, आणि राजकारण, दारिद्र्य, पराभव यांविषयी इतके सखोल लेखन मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे. त्याचा मुख्य लेखक रॉबर्ट कुर्वित्झ याची त्याच काल्पनिक जगावरची कादंबरी आधी एस्टोनियन भाषेत निघाली होती आणि ती फारशी खपली नव्हती. गेम मात्र त्यांनी इंग्रजीत लिहिला, हेही विसरता येत नाही. लहान भाषेने कल्पना दिली आणि जगाला ती मोठ्या भाषेत मिळाली. मराठी ही २०११ च्या जनगणनेत आठ कोटींहून अधिक लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेली भाषा आहे. पुण्यातल्या एका स्टुडिओने 'राजी' हा गेम २०२० मध्ये जगभर पोचवला, म्हणजे तांत्रिक कसब आपल्या गावात आहे. दिवाळी अंकांसाठी लिहिणारे कथाकारही आहेत. या दोघांची गाठ पडत नाही, कारण कथाकाराला तो प्रकार आपला वाटत नाही आणि तो आपला वाटावा असे काही त्याच्या वाचण्यात येत नाही.

म्हणून ग्रंथालयांविषयी. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा आहे, आणि त्यानुसार अनुदान मिळणारी शासनमान्य ग्रंथालये आपल्याकडे हजारोंनी आहेत. गावागावांत वर्गणीदारांनी आणि कार्यकर्त्यांनी ती जपली आहेत, त्यांची परिस्थिती किती ओढाताणीची आहे हे मी जाणतो, आणि पुस्तकांचे पैसे काढून गेमना द्यावेत असे मी मुळीच म्हणणार नाही. पण जिल्ह्याच्या एखाद्या ग्रंथालयात संगणक आहेत, स्पर्धा परीक्षांच्या मुलांनी अभ्यासिका भरलेली आहे, तिथे निवडक आठ-दहा कथाप्रधान गेम ठेवून आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांना देणे अशक्य नाही. ओब्रा डिनची किंमत तो निघाला तेव्हा २० डॉलर होती आणि तो साध्या लॅपटॉपवर चालतो. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ सालीच आपल्या संग्रहात पहिले चौदा व्हिडिओ गेम घेतले, आणि त्यांत १९९३ चा 'मिस्ट' हा रहस्यमय बेटावरचा कोड्यांचा गेम होता. तिथे प्रश्न कलामूल्याचा होता. आपल्या ग्रंथालयापुढचा प्रश्न त्याहून साधा आहे: चार मुले एका वहीभोवती बसून 'हा माणूस तोच कशावरून?' असा वाद घालणार असतील, तर त्यांना छप्पर द्यायचे की नाही?

अडचणी खऱ्या आहेत. मोठ्या ऑनलाइन दुकानांतून मिळणारा गेम बहुधा एका व्यक्तीच्या खात्यावर परवाना म्हणून मिळतो. पुस्तकासारखा तो फळीवर ठेवून दहा जणांना देता येत नाही. त्यासाठी कर्त्यांशी आणि विक्रेत्यांशी संस्था म्हणून करार करावे लागतील, आणि हे काम एकेका ग्रंथालयाच्या आवाक्याबाहेरचे आहे, ते ग्रंथालय संचालनालयाच्या पातळीवरच होऊ शकते. इंग्रजीची अडचण दुसरी आणि अधिक जाचक. ज्या मुलाला अशा विचारपद्धतीचा सर्वाधिक लाभ होईल, त्याच्याच वाटेत ती उभी आहे. आणि सर्वांत गंभीर आक्षेप साहित्याच्या बाजूने येईल: या साठ माणसांना अंतरंग नाही, त्यांची दोन-चार वाक्ये ऐकू येतात, माणूस म्हणून ती आपल्याला कळत नाहीत. हा आक्षेप मला बऱ्याच अंशी पटतो. कादंबरी माणसाच्या आत शिरते, तसा हा गेम शिरत नाही. पण माणूस आतून कळला असे समजण्याआधी त्याला बाहेरून नीट पाहिलेले असावे, त्याचे नाव तरी बरोबर ठाऊक असावे, ही अट मला साहित्यातही लहान वाटत नाही.

डोक्याला कापड गुंडाळलेल्या त्या माणसासमोरचे नाव मी तिसऱ्या रात्री पुसून टाकले. आता त्याच्या चित्राखालची जागा रिकामी आहे. भाच्याला उत्तर ठाऊक आहे, आणि त्याने ते सांगितलेले नाही याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. काल त्याने फोनवर विचारले, "मग मामा, काय लिहिलंस त्याच्यापुढे?" मी म्हटले, अजून काही नाही. तो जेवताना कोणाच्या शेजारी बसतो, ते मला आधी पाहायचे आहे.